शिशाच्या एप्रनची घडी

आई, मागच्या रविवारी एक मुलगी सहज दोन वाक्यं बोलून गेली आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही. ताट वाढून घेते आणि नुसती बसून राहते. पण ते सांगायचं तर आधी खेळाचं सांगावं लागेल, आणि ते ऐकून तू हसशील. तुझी पोरगी, अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी, चष्मा लागलेली बाई, दर रविवारी दुपारी चार जणांसोबत टेबलाभोवती बसून लढाई लढते. कागद, पेन्सिल आणि फासे, एवढंच सामान. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. मी चिलखत घातलेली बाई आहे. चिलखतानं जीव वाचतो, पण पाऊल जड होतं. बाकीचे एका पाळीत सहा घरं चालतात, ती चारच. सराव केला तर गेलेली घरं परत मिळतात, असा नियम आहे. मी तिला दुसरं काही शिकवलंच नाही, तलवारसुद्धा नाही. फक्त चिलखतात चालणं. मागच्या रविवारी तिची सहाच्या सहा घरं झाली आणि मी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

आमच्यात एक परतवाड्याची मुलगी नवीन आली आहे, एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करते. ती म्हणाली, "ताई, असं कुठं असते का? लोखंड काय सरावानं हलकं होते?" मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "होते. माझी आई एक्स-रे काढायची. शिशाचा एप्रन घालून भाकरी थापायची ती."

दर्यापूरच्या दवाखान्यामागचं आपलं क्वार्टर. मशीनची किरणं अडवायला नवा एप्रन आला आहे आणि बाकीचे लोक तो खुंटीवरून काढत नाहीत, कारण त्यात वाकता येत नाही, लगबग करता येत नाही. तू मात्र शनिवारी तो अंगावर चढवूनच घरी येतेस. "मले सवयच करा लागते," म्हणतेस, "सवय झाली का मंग काही वाटत नाही." चुलीपुढे बसतेस, झाडतेस, टाकीच्या पायऱ्या चढतेस, उतरतेस. रात्री खांद्यांवर दोन लाल वळ, मी तेल लावते. दोन महिन्यांत तू त्यात अशी चालायला लागलीस की शेजारच्या काकू म्हणाल्या, ही बाई झोपते पण त्यातच का?

रविवारी सकाळी तू विहारात वंदनेला जायचीस आणि एप्रन दारामागच्या दांडीवर असायचा. एक दिवस तू लवकर आलीस. मी ज्वारीच्या पोत्यावर बसले होते, पोतं माझा घोडा, आणि खाली एप्रनची घडी, खोगीर म्हणून. तू माझ्यावर इतकी कधीच चिडली नव्हतीस. "घडी कावून घातली याची? याची घडी घालत नसतात." मग खाली बसलीस, आवाज उतरवलास. "खरं सांग. किती खेपा घातली?" मी म्हणाले, "एकच खेप." तू म्हणालीस, "एका खेपेनं काई होत नाही." एप्रन झटकून दांडीवर टाकलास. पुढच्या आठवड्यात जुन्या गोधडीचं खोगीर शिवून दिलंस, दोन्हीकडून दोऱ्या लावून. ते मी फाटेपर्यंत वापरलं.

हे सगळं मी टेबलावर रंगवून सांगितलं. खोगिराशी आल्यावर ती मुलगी हसायची थांबली. "ताई, घडी घातली का आतलं शिसं तडकते. वरचं कापड जसंच्या तसं दिसते, अन् चिरेतून किरणं आरपार जातात. आमी तर एप्रनचाच एक्स-रे काढून पायतो." मी विचारलं, एकदा घातली तर? ती म्हणाली, "एकदोनदा नाही. घडीघडी घातली त तडकते." फासे माझ्या हातात होते. पाळी माझी होती. मला ते टाकता येईनात.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तू गेलीस. रक्ताचा कॅन्सर. कशानं झाला हे कोणी सांगू शकलं नाही. ती मुलगीही नंतर जिन्यात म्हणाली, ताई, तेवढ्यानंच झालं असं नसते म्हणता येत. मला माहीत आहे. एका माणसावरून कारण काढता येत नाही, हे मी फळ्यावर लिहून शिकवते, वर्षानुवर्षं. पण त्या मुलीला माहीत नाही ते मला माहीत आहे. रडणारी पोरं मशीनपुढे दुसरं कोणी धरायचं नाही, तू धरायचीस. "माह्यावर एप्रन हाय ना," म्हणायचीस. इतकी सवय केलीस, इतका भरवसा ठेवलास, आणि शेवटपर्यंत तोच एप्रन घातलास. तू त्याचा एक्स-रे काढून पाहिला असतास. मी खरं सांगितलं असतं तर नक्की पाहिला असतास.

हा कागद खेळाच्या पेटीत, त्या चिलखतवाल्या बाईच्या पानाखाली ठेवणार आहे. ती आता खेळायची नाही. तू विचारलं होतंस म्हणून लिहिते. एकच खेप नव्हती, आई. त्या अख्ख्या उन्हाळ्यात, दर रविवारी. आणि खोगीर उंच हवं म्हणून चार पदरी.