गॅलरीतून सरळ दिसणारे पट्टे

४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालो त्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत काहीही घडलं नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं नव्हतं. आता घडणार आहे.

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार फिजिओथेरपी. क्लिनिक रस्त्याच्या पलीकडे, आमच्या गेटच्या बरोबर समोर. आतल्या फिजिओबाईंनी चष्मा लावलाय की कपाळावर सरकवलाय, तेसुद्धा आमच्या गॅलरीतून दिसतं. पण रस्ता ओलांडायची सोय कुठे, तर पार खाली सिग्नलला. काठी टेकत जाऊन-येऊन हिचा पाऊण तास मोडतो. परवा जिन्यात बसून घेतलं हिने. मला म्हणाली, काही नाही, जरा दम खाते. मला ते बघवलं नाही.

संकल्प: गेटसमोर झेब्रा क्रॉसिंग. महिन्याच्या आत.

६ नोव्हेंबर
पालिकेला पत्र टाकलं. सोबत रंगीत आराखडा. आराखडा इतका देखणा झाला की द्यायचं जिवावर आलं.

संध्याकाळी मेव्हणा आला. हिचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षं सिटी बस चालवतो. त्याला आराखडा दाखवला. म्हणाला, भाऊजी, गेटच्या वरच्या अंगाला लगेच वळण आहे. वळून येणाऱ्याला गेट दिसेपर्यंत तो गेटवर आलेला असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी शांतपणे सांगितलं की पट्ट्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, तसा नियमच आहे. तो म्हणाला, नियम मला माहीत आहे, ब्रेकला नाही.

नोंद: व्यावसायिक ड्रायव्हरांमध्ये कायद्याचं शिक्षण फार कमी.

१३ नोव्हेंबर
पालिकेचं उत्तर आलं. सदर ठिकाण वळणालगत असल्याने क्रॉसिंग देता येत नाही, नागरिकांनी सिग्नलचा वापर करावा. खाली सही-शिक्का. आठ दिवसांत उत्तर, म्हणजे विषयाचं गांभीर्य त्यांना पटलेलं आहे. फक्त हात बांधलेले आहेत. माझे नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ८.३०
झालं! पाच-चाळीसला सुरुवात, सव्वासातला शेवटचा ब्रश. खिडक्यांना लावून उरलेला पांढरा ऑइल पेंट कामी आला. दोरी, खडू, मोजपट्टी, नऊ पट्टे. एकसुद्धा थेंब बाहेर नाही.

वॉचमनला वळणावर उभं केलं होतं. गाडी दिसली की शिट्टी मारायची, एवढंच काम. पण शिट्टी आणि गाडी दर वेळी एकदमच यायच्या. पोरगा नाही, पन्नाशीचा माणूस आहे, तरी कामात लक्ष नाही.

एक खुबी इथे लिहून ठेवतो, कारण ती कुणाच्या लक्षात येणार नाही. लांबची वस्तू बारीक दिसते, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. म्हणून पलीकडचे पट्टे मुद्दाम रुंद काढले आणि सगळी रांग जराशी तिरकी घेतली. आता तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून नऊच्या नऊ पट्टे एकसारखे आणि सरळ दिसतात. हिला गॅलरीत आणून दाखवलं. छान आलेत, म्हणाली. मग बराच वेळ वळणाकडे बघत बसली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ही सिग्नलवरूनच गेली. विचारलं, तर सवय झाली म्हणे. एवढ्यात कसली सवय होते? मी गॅलरीतून पाहत होतो. क्लिनिक समोर असताना पाठ करून उलट्या दिशेला निघालेली बाई बघून कुणालाही वाईट वाटेल. मला राग आला, वाईटही वाटलं.

बुधवारी येईल.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नाही आली.

पण लोक यायला लागले! दहा ते बारा गॅलरीत वही घेऊन बसलो. एकतीस जणांनी पट्टे वापरले. लोकांचा पांढऱ्या रंगावर केवढा विश्वास असतो. परवापर्यंत इथे मान वळवून वळवून बघायचे, आता मोबाइलमध्ये डोकं घालून निवांत जातात. ही माझी कमाई.

करकचून ब्रेक: चौदा. म्हणजे चौदा गाड्या थांबल्या. आधी एकही थांबत नव्हती. आणखी काय पुरावा हवा?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
टायरचे काळे ओरखडे पट्ट्यांवर तिरके उमटलेत. रचनेला फार मारक. तिसऱ्या आणि पाचव्या पट्ट्याला दुसरा हात दिला. आता चांगले गुळगुळीत, चकाकतात.

दुपारी त्याच चकाकीवर एक स्कूटरवाली घसरली. कोपर सोललं. वेग जास्त होता, दुसरं काही नाही. मी खाली जाऊन तिला वेगाबद्दल समजावलं. ती स्कूटर चालू न करता ढकलतच घेऊन गेली. यावरून तिला पटलं असावं.

रस्त्यावर एक चप्पल मिळाली, डाव्या पायाची. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. कुणी न्यायला आलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
मेव्हण्याने आग्रहाने त्याच्या बसमध्ये बसवलं, अगदी पुढे, त्याच्या शेजारी. तुमचे पट्टे माझ्या बाजूने बघा, म्हणाला. वळणापर्यंत काहीच दिसत नव्हतं. वळण संपलं आणि पट्टे एकदम पायाखालीच आले. पट्ट्यांवर आमच्या बिल्डिंगमधले कुत्रेवाले काका, साखळीला त्यांचं म्हातारं कुत्रं, दोघेही सावकाश. मेव्हणा बसमध्ये उभाच राहिला म्हणायचा, इतका ब्रेकवर चढला. मागे कुणाची तरी पिशवी सांडली.

काकांनी हात वर करून आभार मानले. किती सुसंस्कृत दृश्य! मेव्हण्याला तेच म्हटलं. तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. मग म्हणाला की मला माहीत होतं म्हणून मी आधीच हळू घेतलं होतं. ज्याला माहीत नाही त्याचं काय?

निष्कर्ष: ड्रायव्हरच्या सीटवरून रचना नीट कळत नाही. गॅलरीतूनच बघायला हवी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी ६.४०. काकांचं कुत्रं गेलं. चौथ्या पट्ट्यावर.

दुधाची व्हॅन होती. कुत्रं दोन पावलं पुढे, काका मागे, म्हणून काका वाचले. म्हणजे पट्ट्यांमुळे काका वाचले असंही म्हणता येईल. कुत्र्याला रस्त्याचे नियम कोण शिकवणार? चूक कुणाचीच नाही.

जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

२७ नोव्हेंबर
ही काठी टेकत काकांकडे जाऊन आली, दोन मजले उतरून. आल्यावर म्हणाली, ते पट्टे पुसून टाका. मी तिला आकडे दाखवले. दहा दिवसांत अंदाजे तीनशे माणसं सुखरूप पलीकडे गेली. तीनशेपुढे एक कुत्रं. ही म्हणाली, काका साखळी घेऊन बसलेत आणि ती हातातून खाली ठेवत नाहीत. मग तिने आकड्यांचं पान मिटलं आणि वही परत दिली.

बायकांना आकडेवारीपेक्षा एखादंच उदाहरण मोठं वाटतं. ऑपरेशनमुळे हळवीही झाली आहे.

१ डिसेंबर, सोमवार
पट्टे वापरणारे आज फक्त चार. चौघेही बाहेरचे, बिल्डिंगमधलं कुणीच नाही. थंडी वाढली आहे, लोक उशिरा निघतात.

फळ्यावर नियम रंगवून गेटला लावले. कडेला थांबा. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा. पळू नका. मुलांना व वृद्धांना सोबत करा. अक्षर सुरेख आलं आहे. वॉचमनने वाचलं आणि विचारलं, साहेब, उजवीकडे तर वळणाची भिंत आहे, बघायचं काय? याला म्हणतात आडमुठेपणा.

खरी अडचण मला कळली आहे. ज्याने पट्टे काढले त्याचीच बायको सिग्नलला जाते, मग लोकांनी का विश्वास ठेवावा? सगळा घोळ तिथे आहे.

३ डिसेंबर, बुधवार
दोन दिवस हिच्याशी बोलणं कमी ठेवलं. मुद्दाम नाही, पण राहिलं. आज चहा देताना म्हणाली की शुक्रवारी येते तुमच्या पट्ट्यांवरून, तुम्ही बरोबर असाल तर. मी म्हटलं, मी नाही तर कोण असणार?

मला इतकं बरं वाटलं की मीच कप विसळून ठेवले. दुसऱ्या मजल्यावर, वॉचमनला आणि फिजिओबाईंना निरोप दिले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता प्रात्यक्षिक. मेव्हण्याला कळवलं नाही. उगाच दृष्ट लागायची.

५ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी ९.५०
इस्त्रीचा शर्ट. हिला पांढरी साडी नेसायला सांगितली, लांबून दिसावी म्हणून. तिने निळीच नेसली. असो. पट्टे सकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतले. गॅलरीतून एकदा पाहून आलो. अप्रतिम.

योजना: डाव्या हाताने हिचा हात धरायचा, उजवा हात वर करून गाड्यांना थांबण्याची खूण. हिच्या चालीने सव्वा मिनिट. पलीकडे गेल्यावर थोडक्यात दोन शब्द बोलेन.

५ डिसेंबर, संध्याकाळी ७
प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे पार पडलं. गाडी थांबली. हिला कुठेही लागलेलं नाही. दोन शब्द बोलायचे राहिले.

६ डिसेंबर
पाण्याचा टँकर होता. एवढ्या मोठ्या गाडीला या रस्त्यावर यायला बंदी हवी. पालिकेला पत्र लिहिणार.

हॉर्न फार कर्कश होता. अचानक मोठा आवाज झाला की माणसाचं शरीर आपोआप मागे जातं, त्यात मनाचा काही संबंध नसतो. हे मी कुठेतरी वाचलं आहे. कुठे ते सापडलं की इथे लिहीन.

माझी चप्पलही जरा सैल आहे.

वॉचमन आज सकाळी माझ्याकडे न बघता गेट उघडून उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी जिन्यात भेटली. हिची चौकशी केली, ती बरी आहे म्हटलं, तर बरं बरं म्हणून वर गेली. प्रात्यक्षिकाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. नवीन गोष्ट पचायला लोकांना वेळ लागतो.

७ डिसेंबर, रविवार
मेव्हणा सकाळीच डांबराचा डबा घेऊन आला. कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. त्याच्या डेपोतले दोघे वळणाच्या पलीकडे लाल फडकी घेऊन उभे राहिले आणि याने एकेक पट्टा काळा केला. मी डबा धरून कडेला उभा होतो. तो मला टोचून एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

शुक्रवारचं लिहायचं राहिलं आहे.

आम्ही चौथ्या पट्ट्यावर होतो. ही पायाकडे बघत चालत होती. हॉर्न वाजला, आणि नंतर मी आमच्या गेटच्या आत होतो. मधलं मला आठवत नाही असं म्हणायचं मी ठरवलं होतं, पण आठवतं. टँकर हिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. हिला पळता येत नाही. हिने नुसता हात पुढे केला आणि टँकरच्या बंपरवर टेकला, तोल जाऊ नये म्हणून. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने हिच्या खांद्याला धरून तिला पलीकडे पोचवलं. फिजिओबाई पायऱ्या उतरून धावत आल्या. मी सिग्नलपर्यंत चालत गेलो. हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबलो, दोन्हीकडे पाहिलं, मग रस्ता ओलांडला.

मी पोचलो तेव्हा ही टेबलावर पाय सरळ करून व्यायाम करत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ही म्हणाली, घामाने हात निसटला त्यांचा. आज जेवताना भावालाही तेच म्हणाली, त्याने न विचारता. आणि मला भात वाढला.

तेच इथे लिहायला बसलो होतो. अर्धं लिहिलंही, मग खोडलं. डिसेंबरची सकाळ होती. मी शर्टावर स्वेटर घातला होता. हात कोरडा होता, हिचाही आणि माझाही. मी सोडला.