राणी रंगाची सॅक

१८ ऑगस्ट, रविवार

सॅक बदलायची. उद्याच्या उद्या.

आज अंजनेरीच्या वाटेवर हे चुकले. योगेशच्या ट्रेकिंग ग्रुपचा एकच नियम — ओळीत चालायचं आणि पुढच्याच्या पाठीवरची सॅक नजरेतून सोडायची नाही. यांच्या पुढे मी असते. डोळ्यांचा पडदा अधू झाल्यापासून यांना चेहरे धूसर दिसतात, पायाखालचं जेमतेम दिसतं. पण समोर चालणारा रंग दिसतो. त्या रंगामागे चालायचं, एवढ्यावर यांचा डोंगर टिकून आहे. आणि डोंगर सुटला तर हा माणूस घरात कसा बसेल, मला कल्पनाच करवत नाही.

आणि मी शहाणीने सॅक कसली घेतली? मातकट करडी! का, तर मळखाऊ. आमच्या चादरी मळखाऊ, पडदे मळखाऊ, तेजलचा बालवाडीतला स्वेटरसुद्धा मळखाऊ. दुकानात शिरले की माझ्या तोंडातून दुसरा शब्दच येत नाही. सॅकचा मळ लपवायला गेले आणि मीच लपले.

धुकं उतरलं होतं. वळणावर मागे बघते तर हे नाहीत. खाली पळत आले तर एका कातळावर हात ठेवून उभे, आणि कातळालाच सांगतायत, "अंजली, दम लागला का गं? बोलत का नाहीस?"

मला बघून — म्हणजे माझा आवाज ऐकून — स्वतःच हसले. म्हणाले, तरीच म्हटलं, तू एवढी गप्प कशी. मला मात्र हसू येईना. हात धरून वर आणलं. योगेश म्हणाला, "काकू, पाठीवर सॅक आणलीत का दगड?" त्याचं बरोबरच आहे.

सापडले. घरी आलो. गरम भात खाल्ला. योगेशचे आभार, आणि त्या कातळाचेही.

१९ ऑगस्ट

शालिमारला लखनशेठच्या दुकानात गेले. रात्री सॅक ब्रशने घासून चिखल काढला होता, तरी त्यांनी एका नजरेत ओळखलं. "ताई, वापरलेली परत होत नाही. आणि मळखाऊ तुम्हीच मागितली होती. मी केशरी दाखवत होतो."

मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण हे ऐकून अवसानच गेलं. खरं ते सांगून टाकलं — यांचे डोळे, सॅकचा रंग, कातळ, सगळं. सांगता सांगता डोळे पुसायला लागले. भर दुकानात. गिऱ्हाईकं बघत होती.

लखनशेठ आत गेले आणि तीन सॅका घेऊन आले. निळी, पिवळी, राणी. "घरी न्या. गच्चीवर ठेवून साहेबांना दाखवा. जी दिसेल ती तुमची, बाकीच्या सवडीने आणून द्या." ना नाव लिहून घेतलं, ना फोन. जुनीसुद्धा ठेवून घेतली.

असं कोण करतं हल्ली? रिक्षात तीन सॅका मांडीवर घेऊन बसले होते. रिक्षावाला म्हणाला, मावशी, कुठे निघालात एवढ्या लांब?

२० ऑगस्ट

गच्चीवर परीक्षा झाली. हे पाण्याच्या टाकीपाशी, तेजल दुसऱ्या टोकाला. ती एकेक सॅक पाठीवर घालून फिरायची आणि यांनी सांगायचं.

पहिली निळी. यांनाही निळीच हवी होती. सकाळपासून म्हणत होते, आपला रंग आहे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तू निळ्या साडीत असायचीस, लांबून ओळखायचो. तेजलने निळी घातली. हे बघत राहिले, बघत राहिले. मग म्हणाले, "काळी आहे ना ही?"

तेजलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, काळीच आहे. ती राहू द्या." खोटं बोलले. पण त्यांना कळलंच असणार. पुढे निळीचं नावही काढलं नाही.

पिवळी लगेच दिसली. राणी तर तेजल जिन्यातून वर येतानाच दिसली. "ती बघ, ती आली!" लहान मुलासारखे. तेजल म्हणाली, "आई, राणीच घे, विषय संपला." पण मी पन्नाशीची बाई, शाळेत मुख्याध्यापिका. राणी रंगाचं ओझं पाठीवर टाकून गंगापूर रोडने बसपर्यंत चालत जायचं? आमच्या कॉलनीतल्या बायका आठवडाभर पुरवून पुरवून बोलतील. पिवळीही दिसतेच की यांना.

पिवळी ठेवली.

१५ सप्टेंबर, रविवार

हरसूलच्या बाजूला गेलो होतो. हे नोकरीला लागले तेव्हा पहिली नेमणूक तिथलीच, त्यामुळे उत्साह फार. चढ सोपा. पण वर पठारावर पाय ठेवला आणि मला घामच फुटला. सोनकी! पायापासून कड्यापर्यंत फुलंच फुलं, सगळं पठार पिवळंधमक. सप्टेंबरात सोनकी फुलते हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाच तेवढं सुचलं नाही.

हे मागे थांबले होते. म्हणाले, "अंजली, तू सगळीकडे आहेस."

किती छान बोलले! आणि पुढच्याच पावलाला अडखळून पडले. गुडघा चांगलाच फुटला.

उतरल्यावर योगेशने मला बाजूला घेतलं. गुणी मुलगा आहे, फार अवघडत बोलला. "काकू, काकांना ओळ धरता येत नसेल तर मला नाही नेता येणार. बाकीचे वीस जण असतात." त्याला काय बोलणार? त्याच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं. पुढच्या वेळी शेवटचं बघू म्हणाला. बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून होते. त्यांनी ऐकलं असावं.

१७ सप्टेंबर

लखनशेठकडे. राणी आणली. पिवळी परत घेताना म्हणाले, ही आमच्या मंडळींना देतो, डोंगर नाही तर बाजार करतील. पुढे म्हणाले, "रंग ज्याला दिसायचा त्याला दिसला पाहिजे ताई, गावाचं काय."

कॉलनीतल्या बायका काय बोलायचं ते बोलोत.

६ ऑक्टोबर, रविवार

रामशेज. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत हे माझ्या मागे! एकदाही चुकले नाहीत. मी मुद्दाम झाडाआड गेले, तरी बरोबर आले. योगेशने वर पोचल्यावर यांच्या पाठीवर थाप मारली, "काका, पास." मला रडूच आलं.

वर वारा होता. डबा उघडला — मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी, दही. लग्नाआधी मी टेकडीसुद्धा चढले नव्हते. हे न्यायचे म्हणून जायची, कुरकुर करत. आज मात्र खाली शेतं बघत किती वेळ बसले होते. द्राक्षांच्या बागा, मधूनच धरणाचं पाणी. कुणी हाक मारली नसती तर तिथेच बसले असते. यांना सांगत होते काय काय दिसतंय ते.

आज सगळ्यांचे उपकार वाटतायत. लखनशेठ, योगेश, तेजल. पायातल्या बुटांचेसुद्धा.

सकाळी शेजारच्या लताबाईंनी सॅककडे बघून विचारलंच, "काय मॅडम, लग्नाला निघालात की काय?" म्हटलं, हो, नवराही मागून येतोय.

९ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी चपला काढेपर्यंत हे एकटेच आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, आहे तसंच आहे, थेंब चालू ठेवायचे. सुटले मी. येताना जिलबी घेतली.

१५ डिसेंबर, रविवार

त्रिरश्मी लेणी. ग्रुप नव्हता, आम्ही दोघंच. सकाळची थंडी, पायऱ्या ओल्या. हे हल्ली अगदी पाठीशी चालतात, मधूनमधून हात सॅकला लागतो. आणि वाटेत मला सारखं बोलतं ठेवतात. आता काय दिसतंय? आता कुठे आलो? आकाश कसं आहे? मी बोलत सुटले. शाळेतल्या कटकटींपासून ते मुलाच्या, संघर्षच्या, पुण्यातल्या खोलीमालकापर्यंत.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं "पुरे गं" म्हणायचे. आता कुठे माझ्या बोलण्याची गोडी लागलीय. उशिरा का होईना!

बुद्धमूर्तीसमोर शांत बसलो. मागायला काही सुचलं नाही.

२९ डिसेंबर

सॅक धुतली. राणी रंगावर डाग फार दिसतात. दिसू देत.

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा रामशेज. वर पोचलो, पाणी प्यायलो. योगेश आणि बाकीचे पुढे गेले. मी पोळीत भाजी गुंडाळून यांच्या हातात दिली. हे खाता खाता अगदी साधेपणाने म्हणाले, "अंजली, दिवाळीनंतर मला सॅकचा रंग दिसलेला नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आता उजेड-अंधार एवढंच राहील. तुझ्या आवाजामागे येतो मी."

विचारलं, मग एवढे चढ कशाला चढता हो? तुम्हाला तर काहीच दिसत नाही इथून.

"तू वर आलीस की मोकळी हसतेस. घरी नाही हसत तशी. मी घरी बसलो तर तूही यायची नाहीस."