आईचा हात, बाबांची हनुवटी

८ जाने. ८९, रवि.
पाटणकर सर मी शिकवते त्या शाळेत आले, प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला. सुट्टी असून शिपायाकडून चित्रकलेची खोली उघडून घेतली. सर ठरवतात ते करतात. पुढच्या महिन्यात धामणकर नाक्याजवळ वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन. आम्ही सात जण, सगळे भिवंडीचे. भिवंडीत चित्रं बघायला कोण येणार, असं सगळेच म्हणतात. सर म्हणतात, आधी लावा तर.
मी खाडीची चार लावून ठेवली होती. सरांनी ती उभ्या उभ्या बघितली आणि सरळ कपाटामागे गेले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला हार्डबोर्ड फिरवला.
"हे कुणाचं?"
"माझंच. पण हे द्यायचं नाहीये."
"का?"
मी खाडीचं एक उचलून पुढे केलं.
"मग ती चारही घरी ने, सुमन. आम्हाला नकोत."
द्यावं लागलं. म्हणजे दिलं. बळजबरी झाली असं म्हणता येणार नाही.

९ जाने., सोम.
इथे तरी खरं लिहावं.
चित्रात आई बाबांना आंघोळ घालते आहे. मोरीत स्टूल, त्यावर बाबा, उघडे, गुडघ्यांवर पंचा. आईने पदर खोचलाय. डाव्या हाताने बाबांची हनुवटी धरली आहे, उजव्या हातात ओलं फडकं.
ते सप्टेंबरमधल्या एका सकाळचं आहे. बाबांना लकवा मारून तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने तांब्या भिरकावला, आईच्या कपाळाला लागला. आणि आईने त्यांच्या थोबाडीत मारली. एकच. मग हनुवटी धरून तोंड पुसायला लागली, जणू काही झालंच नाही.
मी दारात होते, शाळेला निघालेली. तशीच निघून गेले. संध्याकाळी आईने विचारलं, भाजी कोणती करू? मी म्हटलं, कोणतीही.
मग तीन आठवडे शाळा सुटल्यावर तो हार्डबोर्ड. मारलेलं काढलं नाही. त्याच्या नंतरचं काढलं. पण...

१५ जाने., रवि.
आमंत्रणपत्रिका इक्बालकडे. तो लूमवाल्यांसाठी ग्राफपेपरवर कापडाची डिझाइनं काढतो, त्याचा हात आमच्या सातांत सगळ्यात साफ. सरांनी पत्रिकेवर माझंच चित्र घ्यायचं ठरवलंय. मला कळलं ते इक्बालकडून.
निजामपुऱ्यात त्याच्या खोलीवर गेले. लूमच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. तो बराच वेळ समोरच्या चित्रातल्या आईच्या हाताकडे बघत होता.
"सुमनताई, इस हाथ ने मुँह पोंछने के लिए पकडा है, या... वैसे पकडा है?"
"पुसतेय ती."
"मग ठीक हाय." आणि माझ्याकडे न बघता ग्राफपेपर सारखे करायला लागला.

२३ जाने., सोम.
पत्रिका छापून आल्या. माझ्या वाटणीच्या शाळेच्या कपाटात, कुलूप लावून.
आई पोळ्या लाटताना, "तुझं कोनचं चित्र लागनार?"
"खाडीचं."
"बरं. खाडी छान काढतेस तू."
बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय माहीत असणार? तरी मी उठून बाहेर गेले.

३ फेब्रु., शुक्र.
झालं. शेजारच्या शेवंतामावशींच्या मुलाला कुणीतरी पत्रिका दिली, मावशी ती घेऊन थेट आमच्या घरात.
"अगं, ही तर तू गं! आणि हे भाऊ! सुमीने काय हुबेहूब काढलंय!"
आईने हात पुसून पत्रिका घेतली. उजेडाकडे धरली. चित्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, काळं-पांढरं. खूप वेळ बघितलं. मावशींना चहा केला. पत्रिका पिठाच्या डब्याखाली सरकवली.
जेवायला वाढलं, मीठ विसरली. मीही मागितलं नाही.

६ फेब्रु., सोम.
चौथा दिवस. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. बादली भर. दार लाव. बाबांना आंघोळ घालताना मोरीचा पडदा आता पूर्ण ओढून घेते. आधी कधी ओढायची नाही.

११ फेब्रु., शनि.
उद्घाटन. अपेक्षा नव्हती एवढी गर्दी. शिक्षक, दोनचार डॉक्टर, लूमवाले शेठ, पोरंटोरं. आई आली नाही.
माझ्या चित्रासमोर सतत कुणीतरी. मी मुद्दाम खांबामागे. आमच्या शाळेच्या एक बाई म्हणाल्या, "सेवा करावी तर अशी." त्यांच्यामागचा माणूस बायकोला हळूच, "म्हाताऱ्याची धडगत नाही हिच्या हातात." दोघंही तेच चित्र बघत होते.
ठाण्याहून एक बाई आल्या होत्या. तिथे त्यांची गॅलरी आहे. मार्चअखेर चार जणांचं प्रदर्शन करताहेत, त्यात मला घ्यायचं म्हणतात. "पण खाडी वगैरे नको. हे चित्र, आणि याच घरातली आणखी." याच घरातली! सर केवढे खूश. असं आपल्याकडे कुणालाच विचारलेलं नाही, म्हणाले. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू? रिक्षात बसल्यावर घरी काय सांगायचं ते ठरवत आले.

१२ फेब्रु., रवि.
दुपारी चारला आई आली. एकटी. बाबांजवळ मावशींना बसवून. ठेवणीतलं निळं लुगडं नेसलेली. हॉलमध्ये आम्ही दोघीच, आणि टेबलावर डुलक्या घेणारे सर.
इकडेतिकडे न बघता थेट चित्रापाशी गेली. मी शेजारी जाऊन उभी राहिले.
"तू दारात व्हतीस," आई म्हणाली.
"हो."
"मला वाटलंच. चपला वाजल्या. मी मागं न्हाय बघितलं."
ती चित्रातल्या हाताकडे बघत होती.
"एकदाच न्हाय. तीनदा मारलंय मी त्यांना. दोनदा तू शाळेत व्हतीस."
"आई, काढून घेते मी हे. आत्ता."
"कशाला? काढलंस म्हंजी लोक इचारतील, का काढलं." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "पाच महिने घरात गप ऱ्हायलीस. मला येक शबूद इचारला असतास. दमलीस का, येवढं. आन बोललीस ती हितं, भितीवर, सगळ्या गावाम्होरं."
सर जागे झाले होते. डोळे मिटूनच बसून राहिले, बिचारे.
जाताना दारापाशी थांबली. "पदर बरोबर काढलायस. मी तसाच खोचते."

१३ फेब्रु., सोम.
शाळेतून आले तर बाबांच्या मांडीवर पत्रिका. आईने स्वतः दाखवली. "त्यांचंबी चित्र हाय. त्यांना नको कळायला?"
बाबा डाव्या हाताने खाट बडवत होते, पत्रिका दाखवत होते, मग दार. तोंडातून तो घशातला आवाज. आई म्हणाली, "बघायला जायाचं म्हनतात."
मी म्हटलं, जिना आहे, गर्दी असते, त्यांना त्रास होईल.
"त्यांना, का तुला?"

१५ फेब्रु., बुध.
शेवटचा दिवस. इक्बाल आणि त्याचे दोन कारागीर आले. बाबांना खुर्चीसकट जिना चढवून वर नेलं. गावात सगळे ओळखतात त्यांना. नगरपालिकेत वॉलमन होते, तीस वर्षं गल्लोगल्लीचं पाणी त्यांनी सोडलं. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. कुणी जय भीम, कुणी सलाम. बाबांनी डावा हात कपाळाला लावला.
खुर्ची चित्रासमोर ठेवली. मी आईचाच चेहरा बघत होते. आई बाबांचा.
बाबांनी आधी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हात पुढे केला. मला वाटलं, आईच्या हाताला लावणार. पण हात खाली गेला. पोटावर, छातीच्या बरगड्यांवर, त्या उघड्या पायांवर. तळवा फिरवत राहिले. पुसल्यासारखा. नाही, झाकल्यासारखा. घामाघूम झाले.
मला कळेना. आईला लगेच कळलं.
"लाज वाटते त्यांना, सुमे. उघडं बसवलंयस तू त्यांना."
आईने बाबांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चौकटीला वरून असा अडकवला की बाबांची बाजू झाकली गेली. आईचा चेहरा आणि मनगटापर्यंतचा हात तेवढा उरला. सर पुढे झाले. "अहो वहिनी, लोक..."
"ऱ्हाऊ द्या. माझं बघा म्हनावं. माझं चालंल."
आठ वाजता हॉल बंद होईपर्यंत टॉवेल तसाच होता. कुणी हात लावला नाही.
पाच महिने मी आईला घाबरत होते. आईचं काय होईल, आईला काय वाटेल. बाबा माझ्या डोक्यात कुठेच नव्हते. चित्राच्या मधोमध बसवूनही.

२० फेब्रु., सोम.
ठाण्याच्या बाईंचा शाळेत फोन. शनिवारपर्यंत कळवा, पत्रिका छापायची आहे. मुख्याध्यापकांसमोर नुसतं हो हो केलं.
आईला सांगितलं. "मला इचारू नको. माझं मी सांगितलं हाय. त्यांना इचार."
"ते कसे सांगणार?"
आई खाटेपाशी आली. मग तिने दाखवलं. त्यांचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा. हो असलं की ते दाबतात. नको असलं की काढून घेतात. दोन वर्षं दोघांचं असंच चाललंय. त्याच घरात राहून मला माहीत नव्हतं.
खाटेवर बसले. हात घेतला. गरम होता. आधी विचारलं, "बाबा, मी न विचारता काढलं, ते चुकलं का?"
लगेच दाबला. जोरात.
मागच्या गल्लीतल्या लूमची शिफ्ट बदलत होती, मिनिटभर आवाज कमी झाला. तेवढ्यात विचारलं, "ठाण्याला नेऊ का ते?"
माझ्याकडे बघत राहिले. हात दाबला नाही. काढूनही घेतला नाही.
लूम पुन्हा सुरू झाले तरी आम्ही तसेच बसलो होतो.