बिरूकाकांची ओळ

१२ जानेवारी
अमृतला वेड लागलंय! दोन अल्बम आरडाओरडा करून गाजवले. परभणीत रेगे संगीत म्हणजे अमृत असं पोरं म्हणायला लागली, आणि हा तिसऱ्यात आवाज खाली आणतोय. बासरी. ढोल — तोही नुसत्या बोटांनी. मला म्हणतो, "श्रद्धा, तुझा बेस निम्मा कर." निम्मा! रागानं बेस गिटारवर दोनच सूर वाजवले. ऐकलं तर अंगावर काटा. दोन सुरांच्या मधे एवढी जागा असते, मला माहीतच नव्हतं.

१५ जानेवारी
शेवटच्या गाण्यात त्याला वडलांची, बिरूकाकांची, धनगरी ओवी हवीय. त्यानं मेंढरं सोडून गिटार धरली तेव्हापासून काका त्याच्याशी बोलत नाहीत. विचारायचं कुणी? मी!

१९ जानेवारी
चारठाण्याजवळ काकांनी एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली आहेत, तिथं जाऊन आले. काकांनी आधी कोकरांना पाणी पाजलं. मग — "येतो. पर त्याच्याशी बोलणार न्हाई."

२३ जानेवारी
आले! चपला स्टुडिओबाहेर, घोंगडी खांद्यावर. अमृत काचेपलीकडं. काकांनी कानावर हात ठेवला आणि ओळ सोडली. बाप रे, काय आवाज! रेकॉर्डिंग चालू होतं, पण मी बटणं विसरून नुसती बघत बसले. ओळ संपली की थांबायचे. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबायचे. वाटलं, पुढचं आठवत नसेल. तिसऱ्यांदा थांबले, काचेकडं पाहिलं आणि उठून गेले. अमृत तसाच उभा.

२४ जानेवारी
मधली शांतता सगळी कापली. ओळीला ओळ जोडली. झकास! अमृत ऐकून बाहेर निघून गेला.

२६ जानेवारी
अमृतच्या आईला, केवळाबाईंना, फोनवर ऐकवलं. "अगं बाई, मधलं कुटं गेलं? येकानं म्हणायची, दुसऱ्यानं झेलायची, तीच परत म्हणायची. त्याबिगर ओवी फुडं जात न्हाई. पोराची वाट बघायलते त्ये."

माझ्या घरात सगळे मास्तर, ओवी कोण जाणतो! बापानं तीनदा बोलावलं आणि मी नेमकं तेच कापलं. अमृतला विचारलं, तुला ठाऊक होतं? "होतं. तोंड उघडलं, आवाजच फुटला न्हाई."

सगळी शांतता परत घातली. आता ऐकवत नाही, आणि थांबवतही नाही. असं गाणं मी जन्मात ऐकलेलं नाही.

३० जानेवारी
अमृत न सांगता चारठाण्याला गेलाय.

१ फेब्रुवारी
त्याचा फोन. मागं मेंढरं. "श्रद्धा, शेवटचं गाणं काढून टाक. त्यात बाबा अजून वाट बघायलेत; हितं मी ओळ झेलली. बाबांनी आज फुडची ओळ दिली."