रविवारचं बटण

प्रिय यालमार,

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागलाय. दिवसभर तो कण्हत असतो, आणि धुकं इतकं दाट की खिडकीतून बोटींचा धक्कासुद्धा दिसत नाही. स्वयंपाकघरात बसलं की घरच हळूहळू कुठंतरी वाहत निघालंय असं वाटतं. अशा दिवसांत मला पत्र लिहावंसं वाटतं. तू म्हणशील ईमेल कर, पण माझ्या ईमेल तू अर्ध्या वाचतोस, मला ठाऊक आहे. आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून तर तू रविवारचा फोनही बंद केलास. बाबा माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत, मी भिंतीशी किती दिवस बोलू, असं म्हणालास. तुमच्या दोघांच्या मधे पडून मी पार थकलेय रे, पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही.

इकडे बाबांचा आवाज मात्र घरभर असतो. तूच तो त्या जुन्या लॅपटॉपमध्ये ठेवून गेलास. त्यांच्या घशाच्या ऑपरेशनआधी तू आला होतास, टेबलावर माइक मांडलास, आणि बाबा एकेक शब्द त्यात बोलत गेले. कॉफी. दार लाव. मुस्तीला बाहेर सोड. एकेका बटणाला एकेक शब्द. मी सूप ढवळत तुमच्याकडे बघत होते. दोघंही मशीनशी बोलत होतात, एकमेकांशी नाही. गाव सोडून जातोस तर परत तोंड दाखवू नकोस, असं ते तुला धक्क्यावर सगळ्यांसमोर ओरडले होते, आणि ते वाक्य तुमच्या मधल्या खुर्चीत ठाण मांडून बसलं होतं. मग ऑपरेशन झालं. गळा गेला, आवाज राहिला.

आता ते खिडकीपाशी बसतात, वाळलेले, पांढरे, ओठ मिटलेले. आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून तो जुना भरदार आवाज कॉफी मागतो. सुरुवातीला मी दचकून मागं वळायचे. आता माझं लग्न नक्की कुणाशी झालंय, खिडकीतल्याशी की कोपऱ्यातल्याशी, याचाच गोंधळ होतो. खोडी मात्र गेलेली नाही. चर्चचे पास्टर भेटायला येऊन फार वेळ बसले की ते शांतपणे ‘मुस्तीला बाहेर सोड’ दाबतात. मुस्ती तेव्हा बाहेरच भुंकत असते. पास्टरना अजून कळलेलं नाही.

फेब्रुवारीत लॅपटॉपनं त्याला चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती घालू का म्हणून विचारलं, आणि मी शहाणीनं हो म्हटलं. झालं, आवाजच बंद! बाबा चिडून बटणं बडवायला लागले. मी इंटरनेटवरच्या मंचांवर वाचत बसले. तिथं सगळेच पंडित, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. एकानं तर सगळं पुसून नव्यानं घालायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, त्यात माझा नवरा आहे. शेवटी एका दुपारी वादळाची बातमी बघायला टीव्ही लावला, तर आतून तुझ्या बाबांनी कॉफी मागितली. नव्या आवृत्तीनं आवाज टीव्हीला जोडलेल्या वायरीतून तिकडे पाठवला होता, आणि टीव्ही एरवी बंद. मी सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा स्पीकर निवडला. इतकी फुशारले की बाबांना केक करून घातला.

त्याच तोऱ्यात मी सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. सगळी वाजली, शेवटचं एक वाजेना. ते मी कधी ऐकलंही नव्हतं. हे कशाचं, वाजत का नाही, म्हणून बाबांना विचारलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ते वाजत नाही?

यालमार, ऑपरेशनच्या आधी तू परत गेलास त्या संध्याकाळी त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि आणखी एक बोलणं एकट्यानं रेकॉर्ड केलं होतं. फाईलला नाव स्वतःच दिलं, बटणही स्वतःच जोडलं. दर रविवारी तुझा फोन आला की मी तो त्यांच्या हातात देऊन मुस्तीला फिरवायला न्यायचे, म्हटलं बापलेकांना मोकळं बोलू दे. फोनवर शिट्टी वाजते म्हणून ते कानातली ऐकण्याची यंत्रं काढून ठेवतात. फोन कोपऱ्यातल्या स्पीकरला लावायचा, ते बटण दाबायचं, आणि थांबायचं. आवाज निघो न निघो, लॅपटॉपच्या पडद्यावर तुझ्या नावाची हिरवी पट्टी दिसायची, म्हणजे त्यांच्या लेखी ते बोलून झालेलं असायचं. यंत्रांशिवाय तुझा आवाजही त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तू ऐकलंस आणि तुला काही म्हणायचं नाही, असं समजून ते फोन ठेवून द्यायचे. हे सगळं त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं.

शनिवारी लॅपटॉप लायब्ररीत नेला. तिथल्या लिनक्सवाल्यांच्या बैठकीत रोझलिन येते, तुझी शाळेतली बीजगणिताची बाई. बटणं चालवणारी तुझी स्क्रिप्ट उघडून ती चष्म्यावरून बघत म्हणाली, हा मुलगा पायऱ्या गाळायचा तो अजून गाळतोच. मशीनच्या सगळ्या तक्रारी तू गुपचूप शून्यात टाकून देत होतास म्हणे. बाबांना पडद्यावर नसत्या ओळी दिसू नयेत, हाच तुझा हेतू असणार, मला कळतं. तिनं तेवढं काढलं आणि तक्रार समोर आली. ‘माझा’ नावाची फाईल सापडत नाही. ‘यालमार’ नावाची फाईल सापडत नाही. तू दिलेली नावं सगळी सलग होती. बाबांनी माणसासारखं नाव दिलं होतं, मधे जागा सोडून. तू स्क्रिप्टमध्ये नावाभोवती अवतरणचिन्हं घातली नव्हतीस, म्हणून मशीननं एका नावाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही शोधत बसलं, अगदी पहिल्या दिवसापासून. रोझलिननं चिन्हं घातली. ही चूक मी स्वतः अजून करते, असंही ती म्हणाली, तेव्हा तू उगाच स्वतःला खात बसू नकोस.

घरी आल्यावर बाबांनी यंत्रं कानात घातली आणि बटण दाबलं. मी दारातच उभी होते. ते बोलणं तुला ईमेलनं पाठवते म्हटलं, तर त्यांनी ‘नको’ दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. त्यांना ते स्वतः बोलायचंय. म्हणून मीही सगळं सांगत नाही. धक्क्यावर जे बोलले ते त्यांनी पहिल्याच वाक्यात मागं घेतलंय, एवढं सांगते. शेवटी ते तुला एक प्रश्न विचारतात. त्यानंतर रेकॉर्डिंग संपत नाही, रे. कितीतरी वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. तुझ्या उत्तरासाठी त्यांनी तेवढी जागा सोडलीय. येत्या रविवारी फोन कर, शिट्टी वाजली तरी मी यंत्रं त्यांना काढू देणार नाही, आणि तिथं काहीतरी बोल.

वाट बघणारी, तुझीच,
आई