रेंगीत बसून राहिलेले सेक्रेटरी

सिहोरा,
मंडईचा दुसरा दिवस, १९७८

राजमान्य मेहुणे मधुकरराव यांस,

सिहोऱ्याहून कृष्णरावाचा आदराने रामराम. आम्ही सारे सुखरूप आहोत; पवनीच्या वैद्याने तुमच्या गुडघ्याचं काय केलं ते कळवावं. तुमची भाची चंद्रकला पहिल्या बाळंतपणाला घरी आली आहे आणि तिला तुमसरच्या दवाखान्यात नेण्याची सारी भिस्त आमच्या आरोग्य मंडळाच्या बैलांच्या रेंगीवर आहे. (रेंगी धडधाकट आहे. जोडीतला एक बैल मात्र म्हातारा झाला असून मनात आलं की रस्त्यात बसतो.)

नवा बैल मिळावा म्हणून तुमसरचे राइस मिलवाले भैय्याजी यांना मी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून अहवाल वाचून दाखवला. ते तिसऱ्या पानावर झोपले. तुमची बहीण निर्मला म्हणाली, "अहवाल कायले वाचता? गोष्ट सांगा ना." म्हणून भैय्याजींना दिवाळीनंतरच्या आमच्या मंडईच्या जत्रेला बोलावलं आणि दंडारीचं नाटक सुरू व्हायच्या आधी माइक हाती घेतला. गोष्ट गावातल्याच शकुनबाईची. पावसाळ्यात तिला कळा सुरू झाल्या, मी स्वतः रेंगी हाकत निघालो आणि तुमसर दिसू लागताच बैल बसला. इथवर सगळं खरं. पण लोक चिवडा खात होते, भैय्याजींचे डोळे पुन्हा मिटू लागले, तेव्हा मी शकुनबाईला मारून टाकलं. (मंडळाच्या हितासाठी.) भैय्याजी रडले, चिवडेवाला रडला, मीसुद्धा रडलो.

मंडईला गावोगावचे पाहुणे येतात, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. शकुनबाईच्या माहेरच्यांना वेशीवरच कोणीतरी डोळे पुसत बातमी दिली. ते गळा काढतच तिच्या घरी पोचले, तर ती त्यांच्यासाठी वडे तळत बसलेली. हातातल्या झाऱ्यासकट ती स्टेजवर चढली आणि माइकवर म्हणाली, "मी जित्ती आहो. बैल बसला ते खरं. मंग मी उतरली, सासूचा हात धरला अन् दवाखान्यात पायी गेली. पोरगं झालं. हे सेक्रेटरीसाहेब रेंगीतच बसून होते." (रेंगी मंडळाची. ती कोणी राखायची?)

अख्खी मंडई हसली. माझ्या मनाला फार लागलं. भैय्याजी पोट धरून हसले आणि म्हणाले, "बैल देतो. पण हेच बाईनं तुमसरले माह्या व्यापाऱ्यांसमोर सांगावं." (रडताना त्यांनी खिशातून फक्त रुमाल काढला होता.)

लोभ आहे तो हे पत्र वाचूनही राहावा.

आपला,
कृष्णराव

ता. क. शकुनबाईची एक अट आहे. ती गोष्ट सांगेल तेव्हा शेजारी रेंगी उभी करायची आणि सेक्रेटरींनी तीत बसून राहायचं. तुम्ही पूर्वी दंडारीत कामं केली आहेत, अंगकाठीही माझ्यासारखीच. तरी येत्या मंगळवारी तुमसरला येऊन माझ्या जागी बसावं. बोलायचं काही नाही. गुडघ्यालाही त्रास नाही.

भाऊ, पत्र टाकायला माझ्याजवळ दिलं म्हणून वाचलं. तुम्ही येऊ नका. बसून राहायचं काम यांच्यासारखं दुसऱ्या कोणाले जमत नाही. चंद्रकलेचे दिवस भरत आले. बैल दारात येईपर्यंत मी यांले रेंगीतून उतरू देत नाही. — निर्मला