चौतीस मिनिटांचा बर्फ

प्रति,
मा. दृक्‌श्राव्य अध्यापन अधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सातवीच्या वर्गात बर्फ वितळू दिल्याबद्दलची नोटीस मागे घेणे, मला विज्ञानावर कायम ठेवणे व प्रयोगशाळेची किल्ली परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस क्र. पडदा/२१३.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, मी या शाळेत सव्वीस वर्षे विज्ञान शिकवीत आहे. ‘पदार्थाच्या अवस्था’ या पाठासाठी आपण अठरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवलात व तो वर्गातल्या नव्या डिजिटल पडद्यावर मध्ये न थांबवता दाखवावा, असा आदेश दिलात. मी तो दाखवला. त्यात पाण्याचा एक थेंब डोळे मिचकावतो, बासरी वाजते आणि बर्फाचा खडा तीन सेकंदांत वितळतो. हा व्हिडिओ ज्याने केला त्याच्या घरी फ्रीज नसावा, असे माझे नम्र मत आहे.

२. दुसऱ्या दिवशी शिंप्याची मुलगी रडवेली होऊन आली. “बाई, आमच्या घरचा बर्फ खराब आहे. तीनशेपर्यंत आकडे मोजले तरी वितळेना.” तिच्या आईने फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला निरोपही धाडला होता. चाचणीत ‘बर्फ कशामुळे वितळतो?’ या प्रश्नाला एक्केचाळीसपैकी एकोणीस मुलांनी ‘बासरीमुळे’ असे उत्तर लिहिले. मुले हुशार आहेत, महोदय. जे दाखवले तेच त्यांनी लिहिले. लाज आपल्याला वाटायला हवी, आणि थोडी मलाही, कारण बटण मीच दाबले होते.

३. म्हणून मी पडदा बंद केला. प्रयोगशाळेत आता आपल्या पडद्यांची रिकामी खोकी कोंबलेली असून किल्ली आपल्याकडे जमा आहे. तेव्हा मी घरून थर्मासमध्ये बर्फ आणला, स्टीलच्या ताटलीत एक खडा ठेवला आणि सगळ्या वर्गाला भोवती बसवले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

४. नेमके तेव्हाच आपले तपासनीस आले. नोटिशीत ते लिहितात, ‘११.१० ते ११.४४ या वेळेत वर्ग निष्क्रिय बसलेला आढळला.’ या गुन्ह्यासाठी एक तारखेपासून मला विज्ञानावरून काढून पडदा-कक्षात बसवण्यात येणार आहे. पडदा पुसणे व बटण दाबणे ही कामे मला मिळतील. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना आपण माझ्यासाठी इतके सोपे काम शोधलेत, याबद्दल आभार मानवत नाहीत.

५. याच आठवड्यात आपल्याच कार्यालयातून मला ‘उत्कृष्ट पडदा-अध्यापन’ हे प्रशस्तिपत्रही आले. सुट्टीत शिपाई पडदा बंद करायला विसरला आणि कुलूपबंद वर्गात तो व्हिडिओ चार दिवस सलग चालला, हे त्यामागचे कर्तृत्व. आपल्या यंत्रात ‘शंभर टक्के पूर्ण’ अशी नोंद झाली. समोर फक्त बाके होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे ऐकून होते. त्याला शिक्का मारून सही करतात हे आता कळले.

६. आता मुद्द्याचे. तपासनीस आत आले तेव्हा “पडदा बंद का?” असे दरडावून विचारत होते. शिंप्याच्या मुलीने त्यांना सांगितले, “सर, जरा हळू बोला ना. तुमच्या हातात घड्याळ आहे, तुम्ही वेळ लिहा.” ते बसले. तिसऱ्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. मुख्याध्यापकांच्या खोलीतला त्यांचा चहा गार झाला, बोलावणे दोनदा आले, पण ते उठले नाहीत. एका मुलाने ताटलीला बोट लावले तर त्याच्यावर ओरडले. वर्ग निष्क्रिय होता असे म्हणायचे असेल, तर आपले तपासनीस त्यात सर्वांत निष्क्रिय होते. नंतर कचेरीत जाऊन त्यांनी काय लिहिले, ते आपल्यासमोर आहेच. माणूस भित्रा निघाला, दुसरे काय!

७. आपण स्वतः आजवर एकाही वर्गात पाऊल टाकलेले नाही. उंटावरून शेळ्या हाकायला दुसरा मजला पुरतो. तरीही विनंती करते की, एक तारखेपूर्वी किल्ली द्यावी आणि सातवीचे विज्ञान माझ्याकडे राहू द्यावे. पुढचा पाठ वाफेचा आहे. त्या व्हिडिओत वाफ निळी आहे. ही मुले उद्या पातेल्यावरचे झाकण उघडायला जातील, आणि निळे काही दिसत नाही म्हणून हात पुढे करतील. मला याची खरोखर भीती वाटते.

अजून तरी आपली नम्र,
(सही)
विज्ञान शिक्षिका, इयत्ता सातवी
दिनांक : २१

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. परत. हवे तर बाकांना द्यावे.
२) ‘बासरीमुळे’ असे लिहिलेल्या एकोणीस उत्तरपत्रिका.
३) तपासनीस वर्गात विसरून गेले तो तपासणी-फॉर्म. पुढची बाजू कोरी आहे. मागे त्यांच्याच अक्षरात : ‘११.१० अख्खा. ११.२० बोराएवढा. ११.३५ वाटाण्याएवढा. ११.४१ कोणी हलू नका. ११.४४ गेला!!’